सत्तावीस लाख की सात लाख?

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या मोबाइलवर शोधा. कुठे 27 लाख 41 हजार दिसेल, कुठे 7 लाख 9 हजार. दोन्ही आकडे 2011 च्याच जनगणनेचे आणि दोन्ही बरोबर! कारण 11 ऑक्टोबर 2016 ला या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. बासरची सरस्वती आणि लाकडी खेळणी निर्मल जिल्ह्यात गेली, जोडेघाट आसिफाबादकडे, बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणी मंचेरियालकडे. केस्लापूरचा नागोबा तेवढा जागचा हलला नाही. पण त्याआधी कुणी विकिपीडियावरून उतरवून घेतलेली पानं अजून जुनाच जिल्हा सांगत बसली आहेत.

मग विकिपीडियाचं पान शोधात नेहमी इतकं वर का? शोधयंत्र मजकुराचा खरेखोटेपणा तपासत नाही. किती पानांनी, कोणत्या पानांनी त्याचा दुवा दिला, यावर त्याची मोठी भिस्त असते, आणि विकिपीडियाचा दुवा सगळेच देतात. शिवाय मजकूर उचलायला मोकळीक. गूगल तर 2012 पासून त्यातला सारांश वेगळ्या चौकटीत मांडतं. बहुतेक जण ती वाचूनच थांबतात. कुणी वार्ताहर तिथला आकडा छापतो आणि पुढे तीच बातमी त्या लेखाखाली पुरावा म्हणून येते. स्वतःच स्वतःला जामीन राहण्यासारखं हे.

म्हणून विकिपीडिया टाकाऊ ठरत नाही. 2005 मध्ये 'नेचर'ने 42 विज्ञानविषय तपासले, तेव्हा विकिपीडियात लेखामागे सुमारे चार चुका निघाल्या, ब्रिटानिकात तीन. पण ते विषय असे, की चूक दिसली तर दुरुस्त करणारे शंभर जण भेटतात. गोंडांचा नेता कोमरम भीम याचं तसं नाही. तो 1940 मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांशी लढताना पडला. गोंड त्याचा स्मृतिदिन आश्विन पौर्णिमेला पाळतात. विश्वकोशाला मात्र इंग्रजी तारीख हवी आणि तीही छापील आधारासह. नावसुद्धा कुठे कोमरम, कुठे कुमरम. 'आरआरआर' चित्रपट आल्यावर त्याला शोधणारे वाढले, पण जोडेघाटच्या म्हाताऱ्यांची आठवण तिथे पुरावा ठरत नाही.

लेखाच्या माथ्यावरचं 'इतिहास पहा' उघडलं, तर कोणती ओळ कधी बदलली ते कळतं. ते उघडतो कोण?

आणि काही प्रश्न तर तिथेही सुटत नाहीत. जुन्या आदिलाबादच्या केरामेरी मंडळाच्या आणि चंद्रपूरच्या जिवती तालुक्याच्या सीमेवरची 14 गावं तेलंगणा आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्यं आपली म्हणतात. तिथे मराठी बोलणाऱ्या अनेक घरांत रेशनकार्डं दोन, मतदार ओळखपत्रंही दोन. विश्वकोशाच्या चौकटीत 'राज्य' या शब्दापुढे जागा एकाच नावाची असते.