देवमाशांचा वारसा : अरबी समुद्रातील एका लहानशा समाजाची ओळख

खानदेशातून पश्चिमेकडे वाहत जाणारी तापी नदी सुरत शहर ओलांडते व हजीरा परिसरात खंभातच्या आखातास मिळते. येथून जवळच असलेल्या सुवाळीच्या किनाऱ्यापाशी सतराव्या शतकात परदेशी व्यापाऱ्यांची गलबते नांगर टाकीत. आज हजीरा हे मोठे बंदर व औद्योगिक केंद्र आहे. पोलादाचे व वायूचे प्रकल्प येथे उभे राहिले असून, २०२० साली घोघा ते हजीरा ही जलवाहतूकही सुरू झाली. कामधंद्यानिमित्त खानदेशातून आलेली असंख्य कुटुंबे सुरत परिसरात स्थायिक झाली आहेत. ती कामावर हिंदी वा गुजराती बोलतात, घरी मात्र अहिराणी बोलतात. ही बोली मुलांना रक्तातून मिळत नाही. ती आजीच्या व आईच्या तोंडून ऐकून शिकावी लागते. एका पिढीने ती बोलणे सोडले तर पुढील पिढीस ती मिळत नाही.

शिकून मिळणारा व न शिकविल्यास लोपणारा असा वारसा केवळ मनुष्यापाशीच असतो, असे दीर्घकाळ मानले जात असे. गेल्या काही दशकांतील संशोधनाने ही समजूत बदलली आहे. ज्या समुद्राकडे हजीऱ्याची जहाजे जातात, त्याच अरबी समुद्रात असा वारसा सांभाळणारा एक प्राणी राहतो. तो प्राणी म्हणजे देवमासा.

मासा नव्हे, सस्तन प्राणी

नावात मासा असला तरी देवमासा हा मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना जन्म देतो व त्यांना दूध पाजतो. पिलू बराच काळ आईसोबत राहते. कोठे जावे, काय खावे, कोणाची साथ धरावी, हे ते या काळात पाहून व ऐकून आत्मसात करते. पाण्याखाली फार दूरचे दिसत नाही. परंतु ध्वनी पाण्यातून सेकंदास सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. म्हणून देवमाशांचे सामाजिक जीवन मुख्यत्वे आवाजावर आधारलेले असते.

शास्त्रज्ञ ‘संस्कृती’ हा शब्द येथे मर्यादित अर्थाने वापरतात. एखादी रीत जन्मजात नसून ती समूहातील इतरांकडून शिकली जात असेल, आणि त्यामुळे एका समूहाची रीत दुसऱ्याहून वेगळी होत असेल, तर तिला त्या समूहाची संस्कृती म्हणता येते.

गाणे आणि शिकार

कुबड असलेला देवमासा, म्हणजेच हंपबॅक, हा त्याच्या गाण्यासाठी प्रसिद्ध आहे. या गाण्याची ठरावीक रचना असून तीच पुनःपुन्हा म्हटली जाते, हे रॉजर पेन व स्कॉट मॅकव्हे यांनी १९७१ साली दाखवून दिले. गाणे नर गातात. एका समूहातील सर्व नर एका हंगामात जवळजवळ एकच गाणे गातात. दुसऱ्या महासागरातील गाणे त्याहून भिन्न असते. आपल्याकडे दर बारा कोसांवर भाषा बदलते असे म्हणतात, त्यासारखाच हा प्रकार होय.

हे गाणे ऐकून शिकले जाते याचा पुरावा ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर मिळाला. तेथे १९९६ साली नोंदविलेल्या ८२ गायक नरांपैकी केवळ दोघे एक नवे गाणे गात होते. ते गाणे पश्चिम किनाऱ्यावरील देवमाशांचे होते. १९९८ पर्यंत पूर्वेकडील सर्व नरांनी जुने गाणे टाकून नवे स्वीकारले. दोन वर्षांत रक्तातील गुण बदलत नाहीत. चाल मात्र बदलू शकते.

शिकारीची रीतही अशीच पसरते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ १९८० साली एक हंपबॅक शेपटी पाण्यावर आपटून मग माशांचा थवा पकडताना दिसला. पुढील सत्तावीस वर्षांच्या नोंदी तपासल्या असता, तेथील एकतृतीयांशाहून अधिक देवमाशांनी ही युक्ती उचलल्याचे आढळले. जे युक्ती जाणणाऱ्यांच्या सहवासात अधिक होते, त्यांनीच ती प्रामुख्याने घेतली होती.

माता व आजी यांचे स्थान

दात असलेल्या देवमाशांमध्ये कुटुंबाचा पाया बहुधा माता असते. स्पर्म देवमाशांच्या माद्या, मुली व पिले एकत्र राहतात. नर वयात आल्यावर दूर जातात. माता अन्नासाठी खोल बुडी मारते तेव्हा पृष्ठभागावरील पिलाजवळ इतर माद्या थांबतात. ही कुटुंबे परस्परांशी ‘टकटक’ अशा आवाजाच्या ठरावीक तालांत बोलतात. प्रशांत महासागरात एकाच पाण्यात राहणारी, परंतु भिन्न ताल वापरणारी कुळे आढळली आहेत. निरनिराळ्या तालांची कुटुंबे सहसा एकत्र येत नाहीत. त्यांच्या अन्न शोधण्याच्या रीतीही वेगळ्या असतात. एरवी एका कुळास अधिक अन्न मिळे, तर एल निनोमुळे समुद्र तापलेल्या वर्षी दुसऱ्या कुळाची रीत सरस ठरली. रीतींची ही विविधता संकटकाळी संपूर्ण जातीस उपयोगी पडते.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओर्का कळपांत सामन मासळीचा तुटवडा पडला की वृद्ध माद्या पुढे होतात व कळपास वाट दाखवितात, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. अशी एक वृद्ध मादी मेली तर अनेक वर्षांचा अनुभव तिच्याबरोबर जातो.

कळपाच्या या बंधनाची दुःखद बाजूही भारताने पाहिली आहे. तमिळनाडूच्या तुतिकोरिन भागातील किनाऱ्यावर जानेवारी १९७३ मध्ये १४७, तर त्याच भागात जानेवारी २०१६ मध्ये ऐंशीहून अधिक पायलट देवमासे वाळूवर अडकले. २०१६ साली मच्छीमारांनी काहींना मोठ्या कष्टाने खोल पाण्यात नेले, तरी त्यांतील कित्येक पुन्हा किनाऱ्याकडे परतले. सोबत्यांची साथ न सोडण्याची ही वृत्ती एरवी त्यांचे रक्षण करते. येथे तीच घातक ठरली असावी.

अरबी समुद्रातील लहानसा समाज

जगातील बहुतेक हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडील थंड पाण्यात अन्नासाठी जातात व हिवाळ्यात प्रजननासाठी उष्ण पाण्यात येतात. अरबी समुद्रातील समूह मात्र असे स्थलांतर करीत नाही. मान्सूनच्या वाऱ्यांमुळे खोल पाणी वर येते व अन्नाची समृद्धी होते. ती येथेच साधून हे देवमासे वर्षभर राहतात. आनुवंशिक अभ्यासानुसार हा समूह सुमारे ७०,००० वर्षे इतरांपासून अलग राहिला आहे. त्याचे गाणेही निराळे आहे. ओमानजवळच्या पाण्यात त्यांची संख्या सुमारे ८२ असल्याचा अंदाज २०११ साली प्रसिद्ध झाला.

ही संख्या इतकी अल्प असण्यामागे एक कारण स्पष्ट आहे. १९६५ व १९६६ साली सोव्हिएत शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान व वायव्य भारताजवळच्या समुद्रात २४२ हंपबॅक बेकायदेशीररीत्या मारले. त्यांपैकी बहुतेक एका महिन्यात, नोव्हेंबर १९६६ मध्ये मारले गेले. ही गोष्ट अनेक वर्षे जगापासून लपवून ठेवण्यात आली होती.

हा समूह केवळ अरबस्तानच्या बाजूचा नव्हे. मार्च २०१७ मध्ये गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रांनी हंपबॅकचे गाणे टिपले. त्याच वर्षाच्या अखेरीस ओमानजवळ उपग्रह-यंत्र लावलेली ‘लुबान’ नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली व पुढे भारताच्या दक्षिण टोकाकडे गेली. दोन्ही किनारे एकाच समाजाचे अंगण आहेत, हे यावरून दिसून येते.

किनाऱ्यावरील नागरिकांचे कर्तव्य

एका समुद्रातील देवमासे नष्ट झाले तर दुसरीकडून येऊन ती जागा भरतील, असे गृहीत धरता येत नाही. येणाऱ्यांना येथील मान्सूनची, अन्नाच्या जागांची व गाण्याची ओळख नसेल. म्हणून केवळ संख्या मोजणे पुरेसे नाही. समूह, त्यातील माता व त्यांचे ज्ञान टिकविणे आवश्यक आहे. स्थलांतरित प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य राष्ट्रांनी २०१४ साली क्विटो येथे या अर्थाचा ठराव संमत केला. याच कराराची परिषद फेब्रुवारी २०२० मध्ये गुजरातेत गांधीनगर येथे भरली होती.

मोठ्या जहाजांचा आघात, त्यांच्या यंत्रांचा गोंगाट व मासेमारीची जाळी ही आजची मुख्य संकटे होत. गोंगाटामुळे गाणे ऐकू येत नाही. आणि जे ऐकू येत नाही ते शिकता येत नाही. हजीऱ्यापासून कोकणापर्यंत बंदरांचा विस्तार होत असता ही बाब ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

भारतात देवमाशांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. देवमाशाची उलटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पदार्थाची विक्री हाही गुन्हा आहे. जाळ्यात संरक्षित प्राणी सापडल्यास जाळे कापून त्यास सोडणाऱ्या मच्छीमारांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१८ साली नुकसानभरपाईची योजना आणली. तीत २५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. सुटलेल्या प्राण्याचे छायाचित्र व कापलेल्या जाळ्याची नोंद ठेवणे त्यासाठी उपयुक्त ठरते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळे येथे देवमाशाचे एक पिलू वाळूवर आले. ग्रामस्थ, मच्छीमार व शासकीय कर्मचारी यांनी अथक प्रयत्न करून त्यास समुद्रात नेले. परंतु ते वाचू शकले नाही. आईपासून दुरावलेल्या पिलास पाणी मिळाले तरी वाट दाखविणारे कोणी नसते. असा प्राणी आढळल्यास गर्दी टाळावी, त्याच्या मस्तकावरील श्वसनछिद्रात पाणी वा वाळू जाऊ देऊ नये, ओल्या कापडाने त्वचा ओली ठेवावी, शेपटी धरून ओढू नये व वन विभागास तत्काळ कळवावे. शिक्षकांनी ही माहिती किनाऱ्यावरील शाळांतून द्यावी. वडीलधाऱ्यांकडून शिकण्याची किंमत ज्या मुलांना कळते, त्यांना देवमाशाच्या पिलाची गरज समजावून सांगण्यास फार शब्द लागणार नाहीत.