रानटी ब्ल्यूबेरी आणि गुणसूत्रांचा हिशेब

जन्मभर भाषा शिकविलेल्या माणसाने गुणसूत्रांवर लिहावे, हे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. परंतु माझे कुतूहल शब्दापासूनच सुरू झाले. वाल्डेयर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये ‘क्रोमोसोम’, म्हणजे ‘रंगीत काया’, हे नाव योजिले. कारण ही सूत्रे रंग शोषून सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतात. आपल्याकडेही त्यांना ‘रंगसूत्र’ म्हणत. ‘गुणसूत्र’ हा शब्द मला अधिक अर्थवाही वाटतो. तो रूप नव्हे, कार्य सांगतो.

उत्तर अमेरिकेतील ब्ल्यूबेरीच्या रानटी जातींत गुणसूत्रांचा मूळ संच १२ चा असतो. काही जातींत असे दोन संच, म्हणजे २४ सूत्रे. काहींत चार, म्हणजे ४८. तर काहींत सहा, म्हणजे ७२. ही सूत्रे इतकी चिमुकली आणि एकसारखी, की मोजता आली तरी एकमेकांपासून ओळखणे जड जाते.

मेन राज्यातील रानमळ्यांत ही झुडपे कोणी लावीत नाही. भूमिगत खोडांनी ती आपोआप पसरतात. तेथे व्हॅक्सिनियम अँगुस्टिफोलियम ही ४८ सूत्रांची आणि मिर्टिलॉइडिस ही २४ सूत्रांची, अशा दोन जाती शेजारी नांदतात. मधमाशीला हा भेद ठाऊक नसतो. पण एकीकडून २४ व दुसरीकडून १२ सूत्रे आली, की बेरीज ३६, म्हणजे तीन संच. असे बी बहुधा धरतच नाही. क्वचित रोप झालेच, तर तिसऱ्या संचामुळे जोड्या नीट जुळत नाहीत आणि ते जवळजवळ वांझ राहते.

मग संख्येवरूनच जात ठरवावी काय? कॅम्प यांनी १९४५ मध्ये या गटाच्या २४ जाती मानल्या. व्हँडर क्लोएट यांनी १९८८ मध्ये त्या नऊवर आणल्या आणि २४, ४८ व ७२ सूत्रांची उंच झुडपे ‘कोरिम्बोसम’ या एकाच नावाखाली घातली. ‘भाषा की बोली’ या वादात केस पांढरे झालेल्या मला हे भांडण फारच ओळखीचे वाटले.

शिवाय ही भिंत अभेद्य नाही. कधीकधी युग्मक तयार होताना सूत्रांची संख्या निम्मी होतच नाही. २४ सूत्रांचे झुडूप सगळीच्या सगळी २४ पुढे पाठविते. समोरून ४८ वाल्याची निम्मी, म्हणजे २४ आली, की संकर ४८ चा आणि फलक्षम होतो. फ्लोरिडातील डॅरोवी या सदाहरित रानटी जातीचे गुण उत्तरेकडील उंच ब्ल्यूबेरीत याच वाटेने उतरले. उत्तरेच्या वाणांना फळण्यापूर्वी दीर्घ थंडी लागते. या संकरांच्या वंशजांना थोडी पुरते, आणि म्हणूनच आज फ्लोरिडातही ब्ल्यूबेरीचे मळे उभे आहेत.