शाळेचं एक वर्ष आणि फोटोतली मोकळी जागा

परवा सूनबाई म्हणाली, "आई, धाकटीचं नाव यंदा गॅदरिंगमधून काढून घेतलं. दहावीचं वर्ष! क्लास बुडवून नाटकं कसली बसवायची?" मी काही बोलले नाही. घरात कुठं बोलावं आणि कुठं गप्प बसावं, एवढं पंचाऐंशी वर्षांत कळतं. पण दुसऱ्या दिवशी माळ्यावरची माझी पत्र्याची पेटी मात्र खाली काढायला लावली.

पेटीच्या तळाशी, कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यात, आमच्या शाळेचा १९५६-५७ चा वार्षिक अंक आणि अकरावीच्या वर्गाचा फोटो अजून शाबूत आहे. (जुने कागद ठेवायचे तर हा पाला दरवर्षी बदलावा, म्हणजे कसर लागत नाही.) फोटोत पुढच्या रांगेत आम्ही मुली बसलोय. सहाजणी. सहावीच्या शेजारी एक जागा मोकळी आहे. त्या जागेची ही हकीगत.

सात मुली आणि एक बाई

कृष्णाकाठचं आमचं तालुक्याचं गाव. शालान्त परीक्षा तेव्हा अकरावीनंतर असे. वर्गात मुलगे चाळीसच्या वर आणि आम्ही मुली अवघ्या सात. आमचे बाक भिंतीकडेला. मास्तर वर्गात आले की त्यांच्या मागून आम्ही आत जायचं आणि तास संपला की त्यांच्याच मागून बाहेर पडायचं. मधल्या सुट्टीत 'मुलींच्या खोलीत' डबे खायचे. मुलग्यांशी बोलणं नाही. पुस्तकं निम्म्या किमतीत वरच्या वर्गातल्या मुलीकडून घ्यायची आणि तपकिरी कागदाची कव्हरं घालायची, की जून साजरा झाला!

शाळेत बाई एकच, मराठीच्या. अंगानं बारीक, आवाज मात्र खणखणीत. त्यांचं एकच म्हणणं असे, "पुस्तकातलं तुम्ही घरी बसूनही वाचाल. शाळेत येऊन उभं राहायला शिका."

त्या वर्षी २३ जुलैला लोकमान्य टिळकांची जन्मशताब्दी होती. सरकारनं टिळकांचं तिकीटही काढलं होतं. शाळेत वक्तृत्व स्पर्धा ठरली. मुलींची नावं कधी कुणी देत नसे. बाईंनी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं नाव परस्पर देऊन टाकलं. पातळाचा पदर मुठीत घट्ट धरून ती व्यासपीठावर उभी राहिली. पहिली दोन वाक्यं कुणाला ऐकूसुद्धा गेली नाहीत. मग मात्र अशी बोलली, की मागचे खोडकर मुलगेही गप्प झाले. दुसरा नंबर आला. घरी जाताना ती म्हणाली, "अगं, माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मला ठाऊकच नव्हतं!"

१५ ऑगस्टला पहाटे प्रभातफेरी. पावसात भिजत, ओल्या वहाणा हातात धरून सारं गाव फिरायचं. दारादारांत आया-आज्या उभ्या असायच्या आणि आपली मुलगी ओळीत दिसली की उगीचच डोळ्यांना पदर लावायच्या.

परवानगी नको असलेला सण

आश्विनात भोंडला. मागच्या अंगणात पाटावर हत्ती काढायचा, झेंडूची माळ घालायची आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. आठवी ते अकरावीच्या साऱ्या मुली आणि मधोमध बाई! मुलगे भिंतीवरून डोकावायचे, शिपाई त्यांना हाकलायचा. खिरापत ओळखायची गंमत तर विचारू नका. डबा कानाशी हलवून पाहायचा. खडखड वाजला तर दाणे नाहीतर लाडू, आवाज नाही तर शिरा. माझ्या मैत्रिणीनं एकदा नुसती वाटली डाळ आणली आणि सगळ्यांना हरवलं.

आता वाटतं, आमच्या साऱ्या वर्षात घरी न विचारता करता येईल असा हा एकच कार्यक्रम. कारण तो घरचाच होता. बाकी प्रत्येक गोष्टीसाठी कुणीतरी जाऊन विचारावं लागे, आणि ते काम बाई करायच्या.

दसऱ्याला पाटीवर एक-एक आकडा जोडून सरस्वती काढली, पूजा झाली, सहामाही परीक्षा झाली आणि सुट्टी लागली. त्या दिवाळीतच, १ नोव्हेंबरला, मोठं द्वैभाषिक मुंबई राज्य झालं. घरोघरी पुरुषमंडळी संयुक्त महाराष्ट्रावर हमरीतुमरीवर येत होती. माझ्या मैत्रिणीच्या घरी मात्र वेगळीच गडबड. तिचं लग्न ठरलं होतं. मार्गशीर्षातला मुहूर्त.

प्रतापगडची सहल

सुट्टीनंतर सहल निघाली. मुली आजवर कधी सहलीला गेल्या नव्हत्या. बाई संध्याकाळच्या वेळी सातही घरी गेल्या. कुणाच्या वडिलांनी "बघू" म्हटलं, कुणाच्या आजीनं कपाळाला आठ्या घातल्या. बाई चहा प्यायच्या, हळदीकुंकू घ्यायच्या आणि होकार घेऊनच उठायच्या. माझ्या मैत्रिणीच्या घरी त्यांना दोनदा जावं लागलं. लग्न ठरलेली मुलगी गड चढणार? लोक काय म्हणतील?

गेलो बाई एकदाच्या सातहीजणी! गडाला तेव्हा तीनशे वर्षं होत होती. पोटात दशम्या आणि लसणीची चटणी, पायांत धड वहाणा नाहीत, तरी बुरुजापर्यंत पळत गेलो. भवानीच्या देवळात ओट्या भरल्या. मैत्रीण बुरुजावर एकटीच बराच वेळ उभी होती. "चल की," म्हटलं तर म्हणाली, "थांब गं, बघून घेते."

परतताना घाटात एस.टी. बंद पडली. सातला पोचायचं ते साडेनऊ वाजले. स्टँडवर सगळ्यांचे वडील कंदील घेऊन उभे. बाईंनी एकेकीला दारापर्यंत पोचवलं आणि प्रत्येक घरी बोलणी खाल्ली. पण पुढच्या वर्षीही त्यांनी मुलींची सहल नेलीच.

राजाचं काम

जानेवारीत गॅदरिंग. मुलग्यांच्या नाटकात बायकांची कामं मुलगेच करायचे आणि आमच्या नाटकात पुरुषांची कामं आम्ही. मिशा काजळाच्या, फेटा कुणाच्या तरी आजोबांचा, शेला म्हणजे आईची पैठणी आणि त्यावर डझनभर टाचण्या! राजाचं काम बाईंनी दिवाळीपूर्वीच माझ्या मैत्रिणीला दिलं होतं. तिनं ते वहीत उतरवून पाठही केलं होतं. लग्नाला गेलो तेव्हा तिनं ती वही माझ्या हातात दिली. "तू कर. तिसऱ्या प्रवेशात आवाज चढव."

मी केलं. टाळ्याही पडल्या. पण खरं सांगते, तिच्याइतकं बरं झालं नाही.

गॅदरिंगनंतरच्या रविवारी बाई एस.टी.नं तिच्या सासरी गेल्या. परीक्षेचा फॉर्म लग्नाआधीच भरलेला होता. महिनाभर माहेरी पाठवा, एवढंच मागणं. सासरच्यांनी चांगलं आदरातिथ्य केलं, खणानारळानं ओटी भरली आणि म्हणाले, "आमच्याकडे कमी काय आहे? पास होऊन तिला करायचंय काय?" बाई परत आल्या. त्या दिवशी वर्गात त्यांनी शिकवलं नाही, आम्हाला निबंध लिहायला दिला.

२६ जानेवारीला आम्ही मुलींनी लेझीम केलं. फेब्रुवारीत फोटो. "त्या दिवशी नक्की येते," असं तिचं पत्र होतं. फोटोवाला काळ्या कापडातून ओरडत होता, "सरका, सरका, जागा भरून काढा!" आम्ही कुणीच सरकलो नाही. ती आली नाही.

मग सार्वत्रिक निवडणूक आली, शाळेत मतदान झालं. शालान्त परीक्षा झाली. आम्ही सहाजणींनी परीक्षा दिली, तिचा नंबर बाईंच्या टेबलाच्या खणात राहिला. १ एप्रिलला नवे पैसे आले आणि आमचं आण्यांचं जग संपलं.

पुन्हा मिळतं ते आणि न मिळतं ते

पुढं वीसेक वर्षांनी, तिची मुलं मोठी झाल्यावर, मैत्रिणीनं १७ नंबरचा फॉर्म भरला आणि बाहेरून परीक्षा दिली. गणित राहिलं, दुसऱ्या खेपेला सुटलं. मी पेढे घेऊन गेले, तेव्हा ती जे बोलली ते मी कधी विसरले नाही. "परीक्षा काय, चाळिशीतही देता आली. पण राजाचं काम मला पुन्हा कुणी दिलं नाही गं."

हे सगळं मी त्या रात्री सूनबाईला सांगितलं, फोटो पुढ्यात ठेवून. उपदेश केला नाही. तिनं बराच वेळ फोटो पाहिला आणि विचारलं, "तालीम किती वाजता असते हो?" आता ठरलंय असं : तालीम रोज एक तास आणि बुडालेला क्लास रविवारी भरून काढायचा. दोन्हीही होतंय.

मैत्रिणींनो, मुलींच्या अभ्यासाची काळजी आपण करायचीच. आमच्या पिढीच्या कितीजणी त्यावाचून अडून राहिल्या, ते मी पाहिलंय. पण गॅदरिंग, सहल, भाषण यांना 'वेळ घालवणं' म्हणण्याआधी क्षणभर थांबा. आमच्यासाठी ती परवानगी मागत एक बाई दारोदार फिरल्या होत्या. आज तुमच्या मुलीसाठी परवानगी देणाऱ्या तुम्हीच आहात.

धाकटीला यंदा प्रधानाचं काम मिळालंय. मिशी काजळाचीच काढायची, असं मी तिला बजावून ठेवलंय.