बिनविरजणाची बीयर

ब्रुसेल्स शहरीं १९०० सालीं स्थापन झालेल्या कांतियों या लहानशा बीयरभट्टींतील ‘लांबिक’ चाखणाऱ्यानें बीयरची नेहमींची कसोटी बाजूस ठेविलेली बरी. पहिल्याच घोटास दांत आंबतात, फेस जवळजवळ नसतोच. कडवटपणाही थोडा, कारण हॉप्सचीं फुलें मुद्दाम जुनीं करून वापरितात. यांपैकीं कांहींही दोष नव्हे.

सातू व गहूं यांचा उकळलेला काढा तांब्याच्या उथळ पात्रांत रात्रभर उघडा निववितात. विरजण कसलेंच नाहीं. हवेंतील व लांकडी पिपांतील सूक्ष्म जंतूच तो आंबवितात. ज्यांच्या घरीं आंबोळीचें पीठ भिजतें, त्यांस याचें नवल वाटूं नये. (तेथें कोळिष्टकेंही झाडीत नाहींत, कीटकांचा बंदोबस्त कोळी परस्पर करितात!) पुढें एक, दोन व तीन वर्षें मुरलेली लांबिक चाखून मिसळली, कीं बाटलींत पुन्हां आंबून फेसाळणारी ‘ग्योझ’ सिद्ध होते. आंबटपणामागून लिंबाच्या सालीचा, जुन्या लांकडाचा वास यावा. नुसता शिरक्याचा झोंबरेपणा उरला, तर पीप बिघडलें.

रात्र थंड नसली, तर नको ते जंतु बळावतात. म्हणून हें काम थंडीच्याच महिन्यांत चालतें. २०१५ च्या नोव्हेंबरांत रात्री इतक्या उबदार राहिल्या, कीं कांतियोंस भट्टी थांबवावी लागली. आजच्या मालकाच्या आजोबांच्या काळापेक्षां हा हंगाम आखूड झाला आहे.