न आलेल्या इशाऱ्यांची चाळीस वर्षं

नेटवर्कवर बिघाड झाला, पण इशारा लॉगमध्ये नाहीच, ही तक्रार सिसलॉगइतकीच जुनी आहे. एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात सेंडमेलसोबत लिहिलेला सिसलॉग युनिक्सच्या जगात सर्वत्र रुजला. त्याचे संदेश यूडीपीच्या पोर्ट ५१४ वरून जायचे आणि पोच घेण्याची सोय त्यात नव्हती. एसएनएमपीचे ट्रॅपही तसेच निघत, पोर्ट १६२ कडे. संदेश वाटेत हरवला, तर पाठवणाऱ्याला पत्ता लागत नाही आणि घेणाऱ्याला तो निघाला होता हेच ठाऊक नसतं. मग टीसीपी वापरा, टीएलएस लावा, असं सुचवलं जातं. २००९ सालच्या मानकांनी ती सोय केलीही. पण गळती दर वेळी तारेतच असते असं नाही. टीसीपीडंपमध्ये पॅकेट सर्व्हरवर आलेलं दिसतं आणि फाइल मात्र कोरी राहते, कारण मध्ये फायरवॉल असते, चुकलेला फिल्टर असतो, किंवा ठरावीक सेकंदांत मोजकेच संदेश घेणारी मर्यादा असते. जुन्या सिसलॉगच्या वेळेच्या शिक्क्यात ना साल, ना टाइम झोन. राउटर भारतीय वेळेवर आणि सर्व्हर यूटीसीवर असला, की नोंद साडेपाच तास सरकते आणि शोधणारा ‘नोंद नाही’ म्हणून मोकळा होतो.

खरा दोष आहे तो शांततेचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा लावण्याचा. १४ ऑगस्ट २००३ रोजी ओहायोतल्या फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली अलार्म यंत्रणा दुपारी सव्वादोनच्या सुमारास गप्प झाली. वाहिन्या पडत होत्या, बाहेरून फोन येत होते, तरी भरवसा पडद्यावरच राहिला. संध्याकाळपर्यंत अमेरिका-कॅनडातले सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीत नेटवर्कवरची रहदारी तपासणाऱ्या उपकरणाचं प्रमाणपत्र कित्येक महिने मुदतबाह्य होतं. २९ जुलै २०१७ला ते बदललं आणि लगेच संशयास्पद रहदारी दिसू लागली. म्हणून यंत्रणेने आपण जिवंत असल्याची खूण सतत पाठवत राहावी. यावर आक्षेप असा, की इशारे आधीच उतू जाताहेत, त्यात आणखी भर कशाला? २०१३ साली टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीवरच्या सायबर हल्ल्यात इशारे वाजूनही कारवाई झाली नव्हती, हे खरंच. पण ही खूण माणसाने वाचायची नसते; ती थांबली, तरच माणसाला उठवायचं. प्रोमिथियस ही देखरेख प्रणाली वापरणाऱ्यांकडचा कायम वाजता ‘वॉचडॉग’ इशारा याच कामाचा, फक्त त्याच्यावर नजर ठेवणारा त्याच सर्व्हरवर नको. नवं सॉफ्टवेअर मागवण्याआधी एक खोटा इशारा मुद्दाम सोडा आणि रात्रपाळीच्या माणसाच्या फोनपर्यंत तो पोचतो का, ते पाहा.