वित्ताचे पाच वाटे

आज बलिप्रतिपदा. साडेतीन मुहूर्तांपैकी हा अर्धा मुहूर्त. ज्या वह्यांना लक्ष्मीपूजनाच्या रात्री हळदकुंकू वाहिले, त्याच उघडून व्यापारी नव्या वर्षाचा जमाखर्च मांडू लागतो. नोकरदाराच्या घरी लक्ष्मीची पूजा तितक्याच भक्तीने होते. वही मात्र बहुधा नसते. म्हणूनच हाती येणाऱ्या पगारातून शिलकीस किती टाकावे, हा प्रश्न आम्ही आजच्या मंगल दिवशी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ज्या बळीराजाचे आज पूजन होते, त्याच्याच कथेत या प्रश्नाचे सूत्र सापडते. श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधातील एकोणिसाव्या अध्यायात वामन तीन पावले भूमी मागतो. तेव्हा शुक्राचार्य आपल्या शिष्याला गृहस्थधर्म सांगतात : धर्म, यश, अर्थ, काम आणि स्वजन यांसाठी जो वित्ताचे पाच वाटे करतो, तो इहलोकी व परलोकी सुखी होतो. यातील ‘अर्थ’ म्हणजे धनातून पुन्हा धन निर्माण करणारा वाटा. आजच्या भाषेत तीच बचत आणि गुंतवणूक.

हे वाटे समान असावेत, असे तेथे सांगितलेले नाही. तरीही समान धरले, तर अर्थाच्या वाट्यास एक-पंचमांश, म्हणजे शंभरातील वीस रुपये येतात. गंमत अशी की, २००५ साली अमेरिकेत एलिझाबेथ वॉरेन व त्यांच्या कन्येने लिहिलेल्या ग्रंथातही हाती येणाऱ्या उत्पन्नातील पन्नास टक्के गरजांना, तीस हौसेला आणि वीस बचतीला, असाच हिशेब मांडलेला आहे.

एक उदाहरण घेऊ. एखाद्याच्या हाती दरमहा ४०,००० रुपये येतात. त्यांतील ८,००० तो सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत भरतो. १९६८ पासून चालत आलेल्या या योजनेचा व्याजदर एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्के ठरला. हा दर सरकार बदलू शकते; परंतु तोच टिकला असे धरल्यास पंधरा वर्षांत भरलेल्या १४ लाख ४० हजारांचे सुमारे २५ लाख होतात. मात्र महागाई सहा टक्क्यांनी वाढली, तर बारा वर्षांत खर्चही दुप्पट होतो, हे विसरून चालणार नाही. म्हणून दीर्घ मुदतीच्या बचतीचा काही भाग समभागांच्या म्युच्युअल फंडात ठेवावा, असे जाणते सांगतात. तेथे चढउतार असतात. नजीकच्या गरजेचा पैसा तेथे नसावा.

गुंतवणुकीआधीची पायरीही महत्त्वाची आहे. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिना तीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढते. ते ऋण प्रथम फेडावे. मग सहा महिन्यांचा घरखर्च सहज काढता येईल असा बँकेत असावा. कुटुंबाचा आरोग्यविमा आणि कर्त्या माणसाचा मुदतीचा विमा उतरावा. आजारपण दारी आले की याच तजविजीवर घर उभे राहते. ती नसेल, तर गृहलक्ष्मीचे मंगळसूत्र गहाण पडते.

धनत्रयोदशीच्या सोन्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. वळे घ्यावे, पूजेत ठेवावे. त्यात आनंद आहे. परंतु दागिन्याची घडणावळ मोडताना परत मिळत नाही. म्हणून दागिना हौसेच्या वाट्यातून घ्यावा. कर्ज काढून तर मुळीच घेऊ नये.

कोणी म्हणेल, भाडे, शाळेची फी आणि आईवडिलांचे औषधपाणी भागवता भागवता वीस कोठून उरणार? त्यांचे म्हणणे खरे आहे. त्यांनी पाचापासून आरंभ करावा आणि प्रत्येक पगारवाढीतील अर्धा भाग शिलकीकडे वळवावा. ज्याच्यावर कोणाचा भार नाही अशा तरुणाने मात्र तीसपर्यंत जावे. पन्नाशीत बचतीस आरंभ करणाऱ्याला वीसही अपुरे पडतील. पण सर्वांना नियम एकच : पगार होताच शिलकीचा वाटा प्रथम बाजूला काढावा. महिनाअखेर उरेल ते साठवू म्हणणाऱ्यापाशी क्वचितच काही उरते.

बळीने गुरूचा सल्ला बाजूला सारून दिलेले वचन पाळले आणि तो पूजनीय ठरला. मग त्या सल्ल्याचे मोल काय? आमच्या मते, सर्वस्व देण्याचे सामर्थ्य त्रैलोक्याच्या स्वामीचे होते. लेकराबाळांच्या गृहस्थाने वाटे करावेत, हेच हिताचे. त्या वाट्यांत धर्माचा वाटा पहिला आहे. बचतीच्या नावाखाली दान आणि स्वजन यांना वगळणारा कृपण होय, काटकसरी नव्हे.

आज सायंकाळी दिवे लागल्यावर पतिपत्नींनी एकत्र बसावे, एक साधी वही घ्यावी आणि ‘श्री’ लिहून तिच्यात हे पाच वाटे मांडावेत. लक्ष्मी चंचल म्हणतात. तिला घरात स्थान नेमून दिले, तर ती स्थिरावते, अशी आमची श्रद्धा आहे.