सुताचे दान आणि मातीची डागडुजी

वर्धा शहरातील मगनवाडी, शहराबाहेरचे सेवाग्राम आणि धाम नदीकाठचे पवनार या तीन स्थळांनी वर्धा जिल्ह्याचा इतिहास जितका जपला आहे, तितका तो कागदपत्रांनीही क्वचितच जपला असेल. आणि या जपणुकीला लोकांच्या दानाचा जो आधार मिळाला, त्यात जमीन आणि पैसा यांच्या बरोबरीने सूत, धान्य आणि श्रम यांचाही वाटा होता. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा जमनालाल बजाज यांनी आपली बागेची जागा संघाला दिली. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ ती मगनवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली आणि 30 डिसेंबर 1938 रोजी तेथेच गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. चरखे, घाणी, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप अशी साधने तेथे मांडली गेली ती खेड्यातल्या कारागिराने ती पाहावीत, समजून घ्यावीत आणि आपल्या कामात वापरावीत या हेतूने.

अशा स्थळांना मोठ्या देणगीदाराची जोड मिळाली की आरंभ होतो, परंतु पुढची वर्षे निभावतात ती लहान दात्यांमुळे. खादीच्या चळवळीने हे लवकर ओळखले होते. 1925 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघात सभासदाची वर्गणी पैशात न घेता स्वतः कातलेल्या सुतात घेतली जाई. गांधीजींच्या निधनानंतर, 12 फेब्रुवारी 1948 रोजी, त्यांच्या अस्थींचा काही अंश पवनार येथे धाम नदीत विसर्जित झाला आणि पुढे त्या तिथीच्या मेळ्यात प्रत्येकाने वर्षाकाठी आपल्या हाताने कातलेली सुताची एक गुंडी अर्पण करावी, अशी प्रथा विनोबांनी रूढ केली. तिला सूतांजली म्हणतात.

गुंडी म्हणजे किती श्रम, हे कातणाऱ्याच्या हाताकडे पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. पिंजलेल्या कापसाचा पेळू बोटांत सैल धरून चातीपासून मागे ओढत नेला जातो. ओढ जास्त झाली तर धागा तुटतो, कमी झाली तर त्याला गाठीगाठीचा जाडपणा येतो. चातीवर भरलेले सूत मग फाळक्यावर, म्हणजे चार फूट घेराच्या लाकडी चौकटीवर, उतरवतात. त्याचा एक फेरा म्हणजे एक तार, 160 तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे 640 तारांची, एक गुंडी होते. प्रत्येक लटी वेगळ्या दोऱ्याने सैलसर बांधावी लागते, नाही तर धुताना सगळे सूत गुंतते. हिशोब केला तर एका गुंडीत सुमारे 780 मीटर सूत भरते; ते वीस नंबरचे असेल, तर त्याचे वजन जेमतेम 23 ग्रॅम होते. बाजारात या वजनाला मोल नाही. तरीही रोज 160 तार कातण्याचा नेम पाळणाऱ्याचे चार दिवसांचे कातणे त्यात असते आणि ज्याने ते दिले, त्याचे या स्थळाशी असलेले नाते रकमेची पावती फाडणाऱ्याच्या नात्याहून निश्चितच घट्ट असते.

पवनारला दानाची परंपरा याहून फार जुनी आहे. वा. वि. मिराशी यांच्या मते वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच. या राजाचे अनेक ताम्रपट, म्हणजे भूमिदानाची नोंद असलेले तांब्याचे पत्रे, प्रवरपुराहून दिलेले आहेत. 1938 मध्ये विनोबा येथे राहावयास आले आणि आश्रमाच्या शेतात खणताना प्राचीन शिल्पे निघाली, त्यांपैकी एक राम-भरत भेटीचे मानले जाते. ती शिल्पे दूरच्या वस्तुसंग्रहालयात न जाता, जेथे सापडली तेथेच, रोजच्या प्रार्थनेच्या आणि शेतीकामाच्या परिसरात राहिली, ही गोष्ट स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहे.

सेवाग्रामचा प्रश्न निराळा आहे, कारण तेथील वारसाच माती, बांबू आणि कवेलूंचा आहे. बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीतच उठावाने घडवलेली ताडाची झाडे आणि चरखा आहे. अशा भिंतीला सिमेंटचा हात लावला, तर आतला ओलावा कोंडून मातीचा थर सुटू लागतो. म्हणून माती भिजवून, मळून, मुरवून पुन्हा पुन्हा लिंपावी लागते, आणि मृगाच्या आधी कवेलू फेरावे लागतात, म्हणजे छपरावरचे कवेलू उतरवून, फुटके बाजूला काढून, चांगले पुन्हा एकावर एक बसवावे लागतात. दगडी इमारतीसाठी एकदा निधी उभारला की पिढी निघून जाते. मातीच्या घराला दरवर्षी देणारा लागतो. त्यात दोष नाही, उलट गावाला त्या वास्तूशी बांधून ठेवणारी हीच खरी सोय आहे.

परंतु कवेलू फेरणारे आणि मातीचा लेप जाणणारे हात विदर्भातल्या खेड्यांतही कमी होत चालले आहेत, कारण स्लॅबच्या घरांना त्यांचे काम उरलेले नाही. मगनवाडीसारख्या संग्रहालयापुढेही हीच अडचण येते: न चालवलेल्या चरख्याची चात गंजते, दोरी सुकून तुटते, आणि ती कशी बसवायची हे सांगणारा नसेल, तर चरखा असूनही चालत नाही. म्हणून देणगीच्या रकमेतील काही भाग अशा कारागिराला रीतसर मजुरी देऊन त्याच्या हाताखाली दोन तरुण तयार करण्यासाठी राखून ठेवला पाहिजे, आणि हे काम आजचे जाणते कारागीर हयात असतानाच व्हायला हवे.